एकट्याची सीट

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन, उभ्या उभ्याच, हे म्हणाले, "सीट बदलावी म्हणतोय. एकट्याची घेतो."

उभ्या उभ्या, कारण बसवत नव्हतं. गेले काही महिने ह्यांचं माकडहाड दुखत होतं. जेवताना खाली उशी लागायची, टीव्ही भिंतीला टेकून बघायचे. हे लिफ्ट दुरुस्त करतात. त्या कामात बसायचा प्रसंग कमी, म्हणून दिवस निभायचा. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला, हाडाला काही झालेलं नाही म्हणाले आणि विचारलं, बसता कशावर? तेव्हा मोटरसायकलचं नाव निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर सीट बदला, नाहीतर मोटरसायकल सोडा. दुसरी गोष्ट ह्यांच्या कानात शिरलीच नाही.

सीट बदला, हे मलाही पटलं होतं. 'एकट्याची' हा शब्द मात्र डॉक्टरांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

"घ्या की," मी म्हणाले आणि ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता.

आमची गाडी क्रूझर आहे. लांब, बुटकी, पाय पुढे सोडून आरामात चालवायची. तिची मूळची सीट दोघांची, सलग, मागे टेकायला लोखंडी कठडा. दर रविवारी मी माझं चष्म्याचं दुकान बंद ठेवते आणि आम्ही कुठेतरी जाऊन येतो. कुठे ते महत्त्वाचं नसतं. घरात मी बोलते आणि हे ऐकतात. गाडीवर मीही गप्प असते, कारण तेव्हा मला बघायचं असतं. दोरीवरचे कपडे बघून घरात माणसं किती आणि केवढी याचा अंदाज बांधायचा, कारखान्याच्या फाटकातून आत काय बनतं ते हेरायचं, अर्धवट बांधलेल्या घराचे पैसे संपले की नवराबायकोचं पटेना हे ठरवायचं. जित्याची खोड आहे. उतरल्यावर माझी कंबर धरते, दोन मिनिटं वाकडी चालते, पण त्याचं काही नाही. आणि या वर्षी आम्ही मोठा बेत केला होता. किनाऱ्याच्या रस्त्याने थेट टोकापर्यंत, जिथे दीपगृह आहे तिथे जायचं. दीपगृहाच्या आत जिना कसा असतो हे मला कधीपासून बघायचं होतं.

एकट्याच्या सीटवर दोघं मावत नाहीत, हे कळायला चष्मा लागत नाही. म्हणजे दीपगृहाला हे एकटे जाणार, किंवा मित्रांबरोबर जाणार, किंवा आता रविवारी मी नकोच. नक्की काय, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचीच मला भीती वाटत होती. मग मी ठरवलं, सीट निवडायला आपणही जायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसं.

सीटची बातमी ह्यांच्या धाकट्या भावाला लागली. भाऊजींकडे मोटरसायकल नाही, पण मोटरसायकलींविषयी सगळी माहिती आहे. तासाभरात ते एक सीट काखेत मारूनच आले. आत जेलची थैली होती. बोटाने दाबली की बोट आत जायचं आणि मग हळूहळू सीट पुन्हा फुगायची. भाऊजी म्हणाले, दादा, यावर बसलास की ढुंगण कुठे आहे ते विसरशील. आम्ही ती जेवणाच्या खुर्चीवर ठेवून पाळीपाळीने बसून बघितली. छान वाटलं. मग ती गाडीवर बांधून अंगणात उन्हात ठेवली आणि दुपारी हे तिच्यावर बसले ते तितक्याच वेगाने उठले. जेलने सगळं ऊन पिऊन ठेवलं होतं. भाऊजी म्हणाले, वर ओला टॉवेल टाकायचा. हे घरात गेले आणि उशी घेऊन परत भिंतीपाशी उभे राहिले.

त्या रात्री मी फोनवर सीटा बघितल्या. रागाने सुरू केलं आणि गुंतत गेले. एकट्याच्या सीटचेही किती प्रकार असावेत. काही सायकलच्या सीटसारख्या, खाली दोन स्प्रिंगा. काही बादलीसारख्या खोल, मागे कंबरेला टेकू. काही पुढे अरुंद, म्हणजे सिग्नलला पाय जमिनीला नीट टेकावेत. काहींची शिवण बरोबर मधोमध, जिथे हाड येतं तिथेच, आणि त्या शिवणीचं कौतुक लिहिलेलं. खाली लोकांचे अभिप्राय. एकाच सीटला एक जण स्वर्ग म्हणतो आणि दुसरा फळी. हे वाचून मला हसू आलं, कारण चष्म्याच्या फ्रेमचंही असंच असतं. नाक ज्याचं त्याचं. दुकानात आरशासमोर दोन मिनिटं घातलेली फ्रेम सगळ्यांनाच छान वाटते. चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक कानामागे बोट घासत येतं. म्हणून मी नवी फ्रेम देण्याआधी जुन्या चष्म्याच्या नाकावर पडलेल्या खुणा बघते. माणूस संकोचाने काहीही सांगतो, खुणा संकोचत नाहीत.

ह्यांच्या कामावरच्या कोणीतरी सीट शिवणाऱ्या एका मास्तरांचं नाव सांगितलं. सुतारकामाच्या गल्लीत, टायरच्या दुकानामागे. पुढच्या रविवारी आम्ही तिकडे निघालो. भाऊजी रिक्षाने मागून आले. मी ह्यांच्या मागे नेहमीसारखी बसले, कठड्याला टेकून, आणि मनात म्हणाले, ही बहुतेक शेवटची. डोळे भरून आले ते वाऱ्याने, असं उतरल्यावर सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

मास्तर म्हणजे जाडजूड, बडबडा माणूस. कपाळावर चष्मा, आणि तो कपाळावर आहे हे विसरून दुसरा चष्मा शोधणारा. दुकानात फोमचे तुकडे छतापर्यंत रचलेले, शिवणयंत्र, डिंकाचा वास. मधोमध एका जुन्या मोटरसायकलचा सांगाडा सिमेंटमध्ये रोवलेला होता. चाकं नाहीत, इंजिन नाही, फक्त टाकी, हँडल आणि पुढचे-मागचे पाय ठेवायचे दांडे. त्याला मास्तर घोडा म्हणत. भिंतीवर टांगलेली कुठलीही सीट त्या घोड्यावर बसायची.

मास्तरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी आम्ही खाली बसायच्या आत सांगितला. घोड्यावर तासभर बसल्याशिवाय सीट मिळणार नाही. लगेच छान वाटलं म्हणून उचलून नेणारे लोक त्यांना आवडत नसत. पी हळद आणि हो गोरी, असं सीटच्या बाबतीत चालत नाही, सीट तासानंतर बोलायला लागते, म्हणाले. आणि त्या तासात सीटविषयी बोलायचं नाही. विचार केला की माणूस उगाच सावरून बसतो. म्हणून ते गिऱ्हाइकाच्या हातात एक थाळी देत. थाळीत दुकानातले सगळे नट, बोल्ट, वायसर एकत्र कालवलेले. ते वेगवेगळे करत बसायचं. अशा रीतीने मास्तरांचं दुकान कायम नीटनेटकं राही, हे मी मनात नोंदवलं आणि माझ्या दुकानात हे कसं लागू करता येईल याचा थोडा विचारही केला.

भाऊजी पुढे झाले. गाडी नसली म्हणून काय झालं, अनुभव तर घेता येतो. त्यांनी भिंतीवरची सगळ्यात गुबगुबीत सीट मागितली आणि घोड्यावर चढले. उंटावरचा शहाणा मी आजवर ऐकला होता, घोड्यावरचा तेव्हा बघितला. आहाहा, दादा हीच घे, म्हणाले. मास्तरांनी थाळी दिली. थोडा वेळ भाऊजी गाणं गुणगुणत बोल्ट निवडत होते. मग गाणं थांबलं. मग ते डाव्या बाजूला कलले, मग उजव्या. मग त्यांना आठवलं की रिक्षा बाहेर उभी आहे. रिक्षा कधीच निघून गेली होती. मास्तरांनी मला ती सीट दाखवली. मऊ फोम दबत दबत खालच्या पत्र्याला टेकला होता, आणि भाऊजी शेवटी बसले होते ते पत्र्यावर. ते चहा सांगायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ बाहेरच उभे राहिले.

मला आता खरोखरच गंमत वाटू लागली होती. मी मास्तरांना प्रश्न विचारत सुटले. मग कडक फोम चांगला का? तर म्हणाले, खाली कडक, वर बोटभर मऊ. रुंद किती? तर म्हणाले, बसायची दोन हाडं असतात, ती दोन्ही टेकली पाहिजेत. ती टेकली की माकडहाडाला काही करायचं उरत नाही. मी माझ्याच खुर्चीवर हलून ती दोन हाडं शोधली. होती. इतकी वर्षं आपल्याकडे आहेत आणि आपल्याला पत्ता नाही.

मग मास्तरांनी ह्यांना सरळ विचारलं, "एकट्याची हवीय म्हणता. मागे कोणी बसत नाही ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडात मिठाची गुळणी धरून उभे. मला इतका राग आला की मीच म्हणाले, "नाही. कोणी बसत नाही."

हे खाली बघायला लागले. मास्तर बरं म्हणाले आणि आमच्या गाडीची जुनी सीट काढायला बाहेर गेले. जुनी उघडून बघितल्याशिवाय ते नवी शिवत नसत. ही पद्धत मला आवडली. ते माझ्यासारखंच जुन्या चष्म्याचं नाक बघत होते.

सीट टेबलावर आली. वरचं रेक्झिन काढायच्या आधीच मला काहीतरी खटकलं. पुढचं टोक घासून गुळगुळीत झालं होतं, मागचं टोकही तसंच. मधे मात्र रेक्झिनवरचे बारीक दाणे दुकानातून आणल्यासारखे शाबूत होते. मास्तरांनी चिमट्याने पिना उपसल्या आणि रेक्झिन सोलून काढलं. खालचा फोम पुढे, टाकीच्या लगत, चपटा होऊन तपकिरी पडला होता. मागे कठड्याच्या बुडाशी तसाच. आणि मधे चांगला वीतभर फोम उभा होता, पिवळाधमक, कोणी कधी न बसलेला.

मास्तरांनी आधी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, मग पुन्हा बघितलं. म्हणाले, मागे कोणी बसत नाही, मग हा मागचा भाग कोणी दाबला? मग त्यांनी आपलं अनुमान मांडलं. तुम्ही दोघं मधे पिशवी ठेवता. मोठी, पण हलकी. कपड्यांची.

"पिशवी नाही ठेवत," हे म्हणाले.

"मग मधे असतं कोण?"

मी तो मधला फोम हाताने दाबला. तो लगेच वर आला. मास्तर सांगत होते की ह्या गाडीवर माणसाने नेमकं इथेच बसायचं असतं, इथे सीट रुंद आहे, इथे दोन्ही हाडं टेकतात. पुढचं टोक नुसतं मांड्या ठेवायला आहे, त्यावर बसणाऱ्याचं माकडहाड दुखणारच. मी ऐकत होते आणि पुढच्या टोकावरची ती तपकिरी खूण बघत होते. एवढा मोठा माणूस इतक्याशा जागेत बसत होता. दर रविवारी. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे असं नव्हे, औषध दुखण्याच्या शेजारीच होतं, वीतभर मागे.

"तुम्ही इतके पुढे का बसता?" मी विचारलं.

ह्यांना आश्चर्य वाटलं. खरोखरचं आश्चर्य, मी हे विचारावं याचं. "तूच म्हणालीस ना."

"कधी?"

"गाडी आणली त्या दिवशी. जरा पुढे सरका, मला जागा होत नाही."

मला ते आठवेना. म्हटलंही असेल. नव्या गाडीवर नीट बसेपर्यंत माणूस म्हणतो तसं. त्या दिवशी माझ्या मांडीवर बहुतेक काहीतरी सामान होतं. सामान त्याच दिवशी घरी उतरलं, आणि हे मात्र आजतागायत पुढेच. मी एकदा म्हणाले आणि हा माणूस ते वाक्य अंगाखाली घेऊन इतकी वर्षं बसला.

मग हे मागची खूण दाखवून म्हणाले, "आणि तू इतकी मागे? कठड्याला टेकून कंबर मोडून घेतेस. मला वाटायचं, तुला माझ्याजवळ नको असतं."

तेव्हा मला आठवलं. त्याच आठवड्यात, उतारावर, ह्यांनी ब्रेक मारला होता आणि माझं हेल्मेट ह्यांच्या पाठीवर आपटलं होतं. तेव्हा हे म्हणाले होते, "अंगावर येऊ नकोस, मागे टेकून बस." मी मागे टेकले ती टेकलेच. मानी बाई आहे मी. एकदा नको म्हटलं की मी पुन्हा जवळ जात नाही, हा माझा बाणा, आणि ह्यांच्या ते वाक्य लक्षातही नव्हतं.

मी सांगितलं तेव्हा ह्यांनी बराच वेळ त्या पिवळ्या फोमवर नुसता हात ठेवला.

"म्हणून एकट्याची सीट?" मी विचारलं. आता विचारायची भीती राहिली नव्हती.

हे म्हणाले, "तू उतरल्यावर कंबर धरून चालतेस. मला वाटलं, तू माझ्यासाठी म्हणून येतेस. येऊ नकोस म्हणायचं माझ्याच्याने होईना. म्हटलं, मागे जागाच नसली तर तुला नाही म्हणावं लागणार नाही."

मला हसावं की ह्यांना थाळी फेकून मारावी कळेना. मी म्हणाले, "अहो, मला ते दीपगृह आतून बघायचंय."

"मलाही तुला दाखवायचं होतं," हे म्हणाले.

मास्तर एवढा वेळ डिंकाचा डबा ढवळत होते, जणू डिंक ही फार नाजूक गोष्ट आहे. आता ते उठले आणि भिंतीवरून एक एकट्याची सीट काढली. खोलगट, खाली कडक, वर बोटभर मऊ, मागे कंबरेपाशी थोडी उचललेली. ती त्यांनी घोड्यावर चढवली. मग कोपऱ्यातून एक चौकोनी छोटी गादी आणली आणि त्या सीटच्या मागे, अगदी तिला लागून, दोन बोल्टांनी आवळली. म्हणाले, ही हवी तेव्हा लावायची, नको तेव्हा काढायची. पण ही अशी आहे की पुढच्याला पुढे सरकता येत नाही आणि मागच्याला मागे. तुमच्यासारख्यांना जागेचा निर्णय सीटवर सोडलेला बरा.

हे चढले. सवयीने टाकीकडे सरकायला गेले, पण सीटची कड आडवी आली आणि ते आपोआप मागच्या खोलगट भागात घसरले. दोन्ही हाडं टेकली असावीत, कारण ह्यांचा चेहरा बदलला. गेल्या कित्येक महिन्यांत हे बसलेले असताना तो असा मी बघितला नव्हता. मास्तरांनी मला खुणावलं. मी मागे चढले. टेकायला कठडा नव्हता. माझे गुडघे ह्यांच्या कंबरेला लागले आणि नाक ह्यांच्या शर्टाला. शर्टाला ग्रीसचा आणि आमच्या घरच्या साबणाचा वास होता. हा वास मला माहीत होता, पण गाडीवर नव्हता माहीत.

मास्तरांनी ह्यांच्या हातात थाळी दिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा चष्मा शोधायला लागले. तो कपाळावर परत गेला होता. मी सांगितलं नाही, त्यांनाही थोडं शोधू दे म्हटलं. हे बोल्ट निवडायचे आणि नट खांद्यावरून मागे माझ्याकडे द्यायचे, मी ते ओंजळीत धरायची. भाऊजी चहा घेऊन आले, आम्हाला तसं बघून दारातच थांबले आणि विचारलं, ही एकट्याची सीट आहे ना? कोणी उत्तर दिलं नाही. सीटविषयी बोलायचं नाही असा नियमच होता.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, झाला तास, उतरा. माझी कंबर धरली नव्हती. हे उतरायला हलले नाहीत. थाळीतले बोल्ट निवडून संपले होते, तरी ह्यांनी ती मांडीवर तशीच धरली होती.

मग मान न वळवता, नेहमीच्या आवाजात, ह्यांनी विचारलं, "तुला जागा होते ना?"

"नाही," मी म्हणाले.

हे पुढे सरकले नाहीत, आणि मीही मागे झाले नाही.